भिंतीवरचे सासरे

लालबागच्या जनार्दन निवासात दुसऱ्या मजल्यावर अनुजा आरोलकर राहते. बाई स्वभावाने वाईट नाही. चाळीत कुणी आजारी पडलं तर पेज घेऊन पहिली हीच जाते, आणि गणपतीत मंडळाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचनाही हीच लिहिते. फक्त तिच्यासमोर मनवा देवस्थळीचं नाव काढू नये. काढलंत तर ती म्हणेल, "मनवा ना? मजेत आहे. छान चाललंय तिचं." आणि पुढचा अर्धा तास मोरीत भांडी जरा जास्तच वाजतील.

हा मत्सर होता. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं काही कारण नाही. चांगल्या माणसांच्या पोटातही दुखतं, आणि दुखतं तेव्हा चांगलंच दुखतं.

दोघी परळच्या एका मराठी शाळेत शिकवायच्या. स्टाफरूममध्ये बाक एक, कपाट एक, डबाही अर्धा अर्धा. अनुजा कोलंबीची खिचडी न्यायची आणि दादरची मनवा, घरी आई-बाबांच्या धाकाखाली शाकाहारी, त्या डब्यावर तुटून पडायची. मग परळच्या चाळी जाऊन टॉवर आले. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांत जाऊ लागली आणि एका उन्हाळ्यात मराठी शाळेला कायमचं कुलूप लागलं. दोघी एकाच दिवशी घरी बसल्या. इथवर देवाने न्याय केला होता, असं अनुजाचं मत होतं. पुढे त्याने डोळे मिटले.

मनवाचं लग्न मोडलेलं, मागे मूलबाळ नाही. तिने अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं शोधून काढली. आजीशी फोनवर चार वाक्यं बोलता यावीत म्हणून ज्यांचे आई-बाप डॉलर मोजायला तयार असतात, अशी मुलं. त्यांना ती ऑनलाइन मराठी शिकवू लागली. तिथेच थांबली असती तर अनुजाने एवढं मनावर घेतलं नसतं. पण मनवाचं डोकं पुढे धावत होतं. "अनु, अगं क्लास काय, कुठूनही घेता येतो," ती एकदा म्हणाली. "मग ह्या मुंबईत कशाला राहायचं? इथलं भाडं देण्यात सगळं संपतं. जग केवढं स्वस्त आहे!" म्हणून ती आधी जॉर्जिया नावाच्या देशात गेली. तिथे थंडीने तिचा घोळणा फुटला, तेव्हा व्हिएतनामला गेली आणि दा नांग नावाच्या गावात समुद्रासमोर खोली घेऊन राहिली. व्हिसा संपत आला की शेजारच्या देशात दोन दिवस फिरून यायचं, की पुन्हा नवा व्हिसा. अमेरिकेतली शुक्रवार संध्याकाळ म्हणजे तिची शनिवार सकाळ. सात वाजता क्लास घ्यायचा, आठ वाजता पोहायला जायचं. तसे फोटो ती अनुजाला पाठवायची. शहाळं, वाळू, वाळूत रुतलेले मनवाचे पाय.

अनुजा उत्तराला अंगठ्याचा इमोजी पाठवायची आणि फोन उशीखाली सारायची.

बरं, तिने स्वतः प्रयत्न केला नव्हता असंही नाही. मनवानेच तिला एक बॅच मिळवून दिली होती. पण तिकडची संध्याकाळ म्हणजे लालबागची पहाट, साडेपाच. आणि साडेपाचला जनार्दन निवासात पाणी येतं. अख्खी चाळ जागी होते, पिंपं सरकतात, हंडे आदळतात, वरच्या मजल्यावरून कुणीतरी "ओ, नळ बंद करा, आमच्याकडे थेंब येईना!" म्हणून ओरडतं. अनुजा मुलांना 'पाणी' या शब्दाचं अनेकवचन होत नाही हे समजावत होती आणि मागे पिंप भरून वाहत होतं. शेवटी तिच्याच्याने राहवेना. "एक मिनिट हं, मुलांनो," म्हणून ती उठली आणि पाणी भरून परत येईपर्यंत पडद्यावर कुणी उरलं नव्हतं. बॅच महिन्याभरात बंद पडली. आता नवऱ्याने, वैभवने, मोरीवर टाकी बसवली होती आणि ती भरली की नळ आपोआप बंद होत असे. पाण्याचा प्रश्न मिटला होता. उरला होता तो शिकायला येणाऱ्या मुलांचा.

त्यात एका रविवारी मनवाने क्लासच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ पाठवला. "बघ गं माझी पिल्लं!" अनुजाने तो उभ्या उभ्या लावला आणि मटकन खाली बसली. पडद्यावर मनवा होती आणि मनवाच्या मागे अनुजाचं घर होतं. तिचं हिरवं लाकडी कपाट, तिची स्टीलच्या डब्यांची फळी, तिची खिडकी आणि मधोमध चंदनाचा हार घातलेले तिचे सासरे, कैलासवासी कुशाबा आरोलकर.

जाण्याआधी मनवा निरोप घ्यायला आली होती, तेव्हा तिने भिंतीचा एक फोटो काढला होता. "आठवण म्हणून गं. आमच्या घरात काय आहे? सोफा आणि एसी. तुझ्या घराला कसं घरपण आहे." तेव्हा अनुजाला बरं वाटलं होतं. आता कळलं, बाई सगळं घरपण उचलून घेऊन गेली होती. दर क्लासला ती व्हिएतनामचा समुद्र पाठीमागे झाकायची आणि पडद्यावर लालबागचा तो फोटो लावून बसायची. आयत्या बिळावर नागोबा!

पण कळस पुढेच होता. व्हिडिओत सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "नमस्कार, कुशाबा आजोबा!" आणि मनवा मागे वळून फोटोला म्हणाली, "आजोबा, आज मुलं नाच करणार आहेत बरं का."

अनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तो व्हिडिओ सासूला, रखमाबाईंना दाखवला. म्हातारी तरी चार शिव्या हासडील, ही आशा. रखमाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ घेतला.

"माजो घोव अमेरिकेत पोचलो," त्या म्हणाल्या, "आणि माका कोण सांगूक नाय?"

"आई, ती मनवा आपलं घर स्वतःचं म्हणून दाखवतेय!"

"दाखवंदे गो. घर काय झिजता?" आणि त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. त्या दिवसापासून वैभव कामावरून आला की तो व्हिडिओ बघायला आधी त्याचा फोन आईच्या हातात जायचा. अनुजाला वाटलं, आपल्या घरात आपल्या बाजूने एकही माणूस उरलं नाही.

मनवाशी भांडायची वाक्यं तिने मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केली. पण ती भांडायच्या आधीच मनवाचा फोन आला.

"अनु, एक फेवर हवाय. प्लीज नाही म्हणू नकोस. माझ्या बॅचमधली सलोनी आणि तिची आई प्रिती इंडियाला येतायत. बाकीचे पेरेंट्स प्रितीच्याच ओळखीतून आलेत, म्हणजे तीच लीडर, कळलं ना? आणि सलोनीला माझं घर बघायचंय. म्हणजे... तुझं."

"मग?"

"मी सांगितलंय की मी नेमकी कोकणात असणार. तू फक्त शेजारीण म्हणून दार उघड. किल्ली तुझ्याकडे असते म्हण. चहा दे, दहा मिनिटांत जातील. तिला खरं कळलं ना यार, तर अख्खी बॅच जाईल माझी."

अख्खी बॅच. हे दोन शब्द अनुजाच्या कानात जाऊन बसले आणि हलेनात. "हो गं, त्यात काय एवढं," ती म्हणाली. आवाज इतका गोड निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या रात्री तिने भांडणाची सगळी वाक्यं सोडून दिली आणि एकच पाठ केलं. 'हे घर मनवाचं नाही, माझं आहे. आणि मुलीला खरं मराठी शिकवायचं असेल तर मी शिकवते.' बस्स. यात खोटं काय होतं? उलट सगळं खरं होतं. आणि मग शनिवारी पहाटे तीच मुलं, तीच भिंत, पण समोर भिंतीची खरी मालकीण. शाळा गेल्यापासून तिला कुणी 'बाई' म्हणून हाक मारली नव्हती. समुद्र नको, शहाळं नको, तेवढं मिळालं असतं तरी तिला पुरलं असतं.

रखमाबाईंना तिने सगळा बेत सांगितला नाही. फक्त मनवाचा निरोप सांगितला, तोही तिरकसपणे. "मला माझ्याच घरात शेजारीण व्हायचंय म्हणे!" रखमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं.

पाहुण्या आल्या. प्रिती चाळिशीची, साधी, जिना चढून धापा टाकणारी. सलोनी नऊ-दहा वर्षांची, डोळे भिरभिरते. दारात तिने कुणी न सांगता बूट काढले आणि आत पाऊल टाकताच ती थबकली. मग ओळखीच्या घरात फिरावं तशी एकेका वस्तूपाशी गेली. "हे कपाट. ही डब्यांची फळी. सगळ्यात वरच्या डब्यात लाडू असतात, पण ते विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत." मग ती भिंतीसमोर उभी राहिली आणि हात जोडले. "नमस्कार, कुशाबा आजोबा. मी सलोनी. मी आले."

रखमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ये गो बाय. बस हय."

सलोनी त्यांना चिकटून बसली. "आजोबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे ना? आणि पगाराच्या दिवशी तुझ्यासाठी गजरा आणायचे? आणि तो तू झोपताना उशाशी ठेवायचीस?"

अनुजा चहा गाळता गाळता थांबली. गिरणीची गोष्ट खरी होती, स्टाफरूममध्ये तिनेच ती मनवाला सांगितली होती. गजऱ्याचं मात्र मनवाच्या मनचं. पगाराच्या दिवशी या घरात गजरा आल्याचं अनुजाने कधी ऐकलं नव्हतं. आता म्हातारी काय म्हणते म्हणून तिने कान टवकारले.

"होय तर," रखमाबाई म्हणाल्या. "हाडायचे. मोगऱ्याचो." आणि त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"म्हणजे तू मनवाताईची आई?"

"आवस म्हण, सासू म्हण. माजीच ती."

"आणि ह्या?" सलोनीने अनुजाकडे बोट केलं.

"ही?" रखमाबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ठरल्याबरहुकूम त्या म्हणाल्या, आणि अडखळल्यासुद्धा नाहीत. "ही शेजारीण. मदतीक इली हा."

चौदा वर्षं या घरात अनुजाने पाणी भरलं होतं. म्हातारीच्या गुडघ्यांना तेल लावलं होतं. तेही दुखलं नसतं कदाचित. पण 'माजीच ती' हे तिच्याबद्दल त्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, आणि निघालं ते मनवासाठी. जिने या घरात एक हंडासुद्धा उचलला नाही तिच्यासाठी. चहाचं भांडं ओट्यावर आदळलं. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"शेजारीण नाही मी! या घरची सून आहे. हे घर माझं आहे, ही भिंत माझी आहे. तुमची मनवाताई कोकणात नाही, कोकणात तिचं कुणी नाही. ती तिकडे व्हिएतनामला राहते, समुद्रावर, पोहते रोज! इथला एक फोटो काढून नेला, झालं!"

प्रितीने हातातली बशी हळूच खाली ठेवली. रखमाबाई सुनेकडे अशा बघत होत्या, जणू तिने भर जेवणात कुणाचं ताट ओढून घेतलं होतं.

सलोनी रडली नाही. ती भिंतीकडे वळली, मग अनुजाकडे. "मग आजोबा कोणाचे?"

"माझे," अनुजा म्हणाली. "माझे सासरे." हा क्षण आपला आहे हे तिला कळत होतं. ती ताठ झाली, शाळेत फळ्यापुढे व्हायची तशी.

"ते कसे होते?"

अनुजाने तोंड उघडलं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा कुशाबा भिंतीवरच होते. त्यांची काच कुठे तडकली आहे, हाराला कुठे कसर लागते, फोटो सरळ राहावा म्हणून मागे कागदाची घडी कुठे सारायची, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण माणूस? वैभवने लग्नानंतर सांगितलेल्या दोन-चार गोष्टी तिने डब्यातल्या खिचडीबरोबर मनवाला वाढल्या होत्या, आणि त्यानंतर या फोटोबद्दल तिला कधी काही वाटलं नव्हतं. गिरणी तर सलोनीला माहीतच होती.

"त्यांना," ती म्हणाली, "स्वच्छता फार आवडायची."

सलोनीने थोडी वाट पाहिली. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "मनवाताईला जास्त माहीत आहे."

"सलोनी!" प्रिती ओशाळली. अनुजाने घाईघाईने पुढचं बोलून टाकलं की ती स्वतः शिक्षिका आहे, क्लास घेऊ शकते, शनिवारी पहाटे, आता पाण्याचाही काही अडथळा नाही. पाण्याचा संबंध काय ते प्रितीला कळलं नाही. "विचार करून कळवते हं," ती म्हणाली. जाताना सलोनी रखमाबाईंच्या पाया पडली, फोटोला नमस्कार केला आणि अनुजाला "बाय, आंटी" म्हणाली.

दोन दिवसांनी प्रितीने कळवलं. मनवाताईंनी खोटं सांगायला नको होतं, तसं आम्ही त्यांना स्पष्ट बोललो आहोत. पण त्या कुठेही राहोत, मुलं त्यांच्यामुळे मराठी बोलतात. बॅच आहे तशीच राहील. तुमच्या आदरातिथ्याबद्दल आभार. अनुजाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. शिकवण्याबद्दल कुठे अवाक्षर नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी मनवाचा फोन आला. अनुजाने पदर खोचला. या वेळी भांडण होणार होतं, आणि तिला ते हवंच होतं.

"सांगून टाकलंस ना," मनवा म्हणाली. आवाजात राग होता, पण तो फार वेळ टिकला नाही. "प्रितीने धुतलं मला. मग सगळ्या पेरेंट्सना सॉरी म्हटलं, समुद्रपण दाखवला मुलांना. आणि अनु, तू भडकलीस ते बरोबरच होतं. विचारायला हवं होतं मी. यापुढे लावत नाही तुझं घर मागे."

अनुजाने खोचलेला पदर सोडला. भांडायला आलेल्या माणसाने माफी मागितली की मोठीच पंचाईत होते.

"फक्त मुलं ऐकत नाहीयेत गं," मनवा पुढे म्हणाली. "आजोबा हवेतच म्हणतात. आणि माझ्याकडच्या गोष्टी संपल्यात. तू दोन-चार सांगशील? खऱ्याखुऱ्या?"

अनुजाने भिंतीकडे पाहिलं. कुशाबांनी तिच्याकडे पाहिलं. बॅच आपल्याला मिळाली नाही, हे तिने कसंबसं पचवलं होतं. पण मनवा आपल्याकडे खरं मागते आहे आणि आपल्याकडे ते नाही, हे काही केल्या गिळवेना. "नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे वेळ नाही."

"कोण ता? मनवा?" खाटेवरून रखमाबाईंनी हात पुढे केला. "दी तो फोन हकडे."

"आई, राहू द्या."

"दी म्हणतंय ना!"

फोन गेला. अनुजा ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि चहाचं आधण ठेवलं. कुणालाही चहा नको होता. मागे म्हातारीचा आवाज एखाद्या तरण्या मुलीसारखा लागला होता.

"आयक हां. लगीन होऊन मुंबयक इलंय, तेव्हा माका वाटला, घोव मुकोच असा. तोंडातसून शब्द नाय. सगळा हातांनीच सांगायचे. भाकरी दी, पाणी दी, दिवो मालव. आठ दिवस मी रडतंय, आवशीन माका मुक्या माणसाक दिल्यान म्हणान! मागसून कळला, साच्यांच्या आवाजात थय बोललेला कोणाक आयकाकच येणा नाय. सगळे कामगार हातांनीच बोलत. तीच सवय घराकडे..."

फोनमधून मनवा खदखदून हसली. "मग पहिला शब्द काय बोलले ते, आजी?"

रखमाबाई थांबल्या. आधण उकळायला लागलं होतं. अनुजा या बाईशी चौदा वर्षं एका खोलीत झोपत होती आणि तिने हे कधी ऐकलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हातारीने सांगितलं असतं, अगदी याच आवाजात. मनवावर जळायची तिला सवय होती. आज त्या जळण्यात स्वतःची बाजू कुठे आहे तेच सापडेना.

रखमाबाईंनी आवाज खाली आणला, फक्त मनवाला ऐकू जावा एवढा. अनुजाने गॅस बंद केला, म्हणजे उकळण्याचा आवाज मध्ये येणार नाही, आणि पाठमोरीच उभी राहून ऐकायला लागली.